आधी फाईल, मग पत्ता

प्रश्न: नमस्कार. मी लातूरला सहा वर्षांपासून गाळे, ऑफिसं आणि क्लाससाठीचे हॉल भाड्याने किंवा विकत मिळवून देण्याचं काम करतो. वय ३४. या वर्षी दोन सौदे माझ्या माघारी झाले. जागा मी दाखवली, मालक आणि पार्टी परस्पर बसले आणि माझी दलाली बुडाली. एक मालक तर तोंडावर म्हणाला, "तू नुसता पत्ता दिलास, त्याचे एवढे पैसे कशाचे?" फोन सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत वाजत असतो. जेवताना फोन, मुलीच्या गॅदरिंगमध्ये फोन. एखाद्या महिन्यात लाख रुपये येतात, मग चार महिने काही नाही. वडील शेतकरी आहेत. ते म्हणतात, दलाली सोड आणि कुठं तरी नोकरीला लाग. सोमवारी औसा रोडवरचा एक हॉल दाखवायचा आहे आणि क्लासवाल्या सरांनी आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागितलंय. हे काम सोडू की करत राहू? – एक वाचक, लातूर

उत्तर:

दादा, लोकेशन अजून पाठवलं नसेल तर थांबा. त्या मेसेजला काय उत्तर द्यायचं ते शेवटी लिहिलं आहे.

मालक बोलला ते लागण्यासारखंच आहे. पण त्याच्या बाजूने एकदा बघा. तुम्ही पार्टीला नकाशावरचा ठिपका पाठवला, किल्ली शेजारच्या दुकानातून घ्यायला सांगितली, पार्टी एकटी जाऊन जागा बघून आली. तिथून पुढे दोघांनाही तुमची गरज कुठे उरली? पत्ता ही एकदाच विकता येणारी वस्तू आहे आणि तुम्ही ती आधीच फुकट दिलेली असते. पार्टीला ताबा मिळेपर्यंत तुमची गरज लागावी असं वाटत असेल, तर पत्त्याच्या आधी तुमच्या हातात त्या जागेची फाईल, म्हणजे मोजमापापासून मालकीच्या कागदांपर्यंत सगळी माहिती, असली पाहिजे. तुमची दलाली, तुमचा फोन आणि वडिलांचा राग, हे तिन्ही प्रश्न मला या फाईलशी जोडलेले दिसतात.

औसा रोडचाच हॉल घेऊ. रविवारी टेप किंवा लेझर मीटर घेऊन स्वतः जा आणि आतून भिंत ते भिंत मोजा, याला कार्पेट म्हणतात. मालक सांगतो तो आकडा बहुतेक वेळा सुपर बिल्ट-अप असतो, त्यात जिना, पॅसेज, भिंतींची जाडी सगळं आलं. समजा एक हॉल हजार फुटांचा म्हणून ३०,००० रुपयांना सांगितलाय आणि आतून भरतो ६५० फूट. दुसरा २८,००० चा आहे आणि आतून ७०० फूट. पहिला पडला फुटाला ४६ रुपये, दुसरा ४०. क्लासवाल्याला हे गणित करून देणारा माणूस तो सहजासहजी सोडत नाही.

क्लाससाठी याहून महत्त्वाचा एक आकडा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एका बॅचमध्ये दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी असं म्हटलं आहे. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. साठ मुलांची बॅच बसवायची तर साधारण ६४६ फूट लागतात. म्हणजे तुमच्या ६५० फुटांच्या हॉलमध्ये साठ मुलं जेमतेम बसतात. फळ्यापुढची मोकळी जागा आणि ऑफिसची केबिन काढली की आकडा पन्नासाच्याही खाली येतो. सरांनी नव्वद मुलांचा हिशोब धरून भाडं कबूल केलं असेल तर सहा महिन्यांत ते जागा सोडणार आणि मालक तुम्हाला बोल लावणार. हे आधीच कागदावर दाखवा.

मग वीज. हॉलमध्ये दीड टनाचे चार एसी लावायचे असतील तर सहा किलोवॉट तिथेच गेले. पंखे, दिवे, प्रोजेक्टर, मोटार धरून आठच्या आसपास भार होतो. जुन्या गाळ्याचं मीटर सिंगल फेज असेल तर भार वाढवून घ्यावा लागेल, कदाचित थ्री फेजही करावं लागेल. महावितरणच्या ताज्या बिलावर मंजूर भार, वर्गवारी आणि थकबाकी हे तिन्ही असतं. त्याचा फोटो फाईलला लावा. आधीच्या भाडेकरूने थकवलेलं बिल असेल तर नवीन जोडणी अडते आणि जून महिना हातचा जातो. भार वाढवण्याचा खर्च कोणाचा, हे भाडं ठरायच्या आधी ठरवा. मागाहून ठरवायला गेलं की भांडण ठरलेलं.

जिने मोजा. वर जायला एकच जिना, खाली एकच शटर, खिडक्यांना पक्क्या जाळ्या आणि बाहेरून पूर्ण झाकणारा जाहिरातीचा बोर्ड, असा हॉल कितीही स्वस्त मिळाला तरी तो क्लासला देऊ नका. सुरतला २४ मे २०१९ रोजी व्यापारी संकुलातल्या क्लासला आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावर अडकलेली २२ मुलं गेली. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तिघांचा जीव गेला. लातूरला बारावीनंतरच्या तयारीसाठी खेड्यापाड्यातून मुलं येतात. त्यांचे आईबाप फी बघतात, जिना बघायला ते येत नाहीत. जागा दाखवणाऱ्यानेच तो बघायला हवा. अग्निशमनाचा ना-हरकत दाखला आहे का, मंजूर नकाशात तळघर पार्किंग किंवा साठवणीसाठी दाखवलंय का, हे विचारून लिहून ठेवा. नकाशात पार्किंग असलेलं तळघर अभ्यासिकेसाठी दाखवायचंच नाही, पार्टीने कितीही आग्रह केला तरी.

आणि पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. नळजोडणी आहे का, बोअर किती फूट आणि मे महिन्यात चालतं का, टाकी किती लिटरची, टँकर आत वळतो का. ऑफिसला यातलं निम्मं चालून जाईल. पण हॉटेल, दवाखाना किंवा मुलींचं वसतिगृह यासाठी जागा दाखवत असाल तर भाड्याच्या आधी पाण्याचं बोला.

आता कागद. भाड्याच्या सौद्याला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदी तपासून केलेला मालकीचा अहवाल) कोणी मागत नाही, पण तीन गोष्टी बघितल्याच पाहिजेत: मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर नावं कोणाकोणाची आहेत, महापालिकेची घरपट्टी भरलेली आहे का, आणि बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र व्यापारी वापराचं आहे की राहण्याचं. सगळ्यात जास्त सौदे पहिल्या गोष्टीवर फसतात. पत्रकावर तीन भावांची नावं असतात, थोरला एकटा सही करून डिपॉझिट घेतो, आणि सहा महिन्यांनी धाकटा आपलं कुलूप लावतो. भावकीत काय चाललंय ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून तिघांच्या सह्या किंवा नोंदवलेलं मुखत्यारपत्र घ्या.

विक्रीचा सौदा असेल तर मराठवाड्यात आणखी खोल जावं लागतं. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जमिनीची मुळं वेगळ्या कायद्यांत आहेत. सातबारावर आज सगळं स्वच्छ दिसतं, पण १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढलं की जमीन इनामी होती, कुळाची होती की देवस्थानची, हे कळतं. भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे विकायला सरकारी अट असलेली जमीन) असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका. वक्फची नोंद आहे का, गायरान किंवा सीलिंगचा (कमाल जमीनधारणेचा) शेरा आहे का, हेही बघा. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात गुंठेवारीतले, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचे, गाळे भरपूर आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली, पण नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात नसेल तर बँकेचं कर्ज अडतं. एमआयडीसीतलं शेड असेल तर जमीन मालकीची नसून भाडेपट्ट्याची असते. विकायला आणि पोटभाड्याने द्यायलाही महामंडळाची परवानगी आणि त्यांचे शुल्क लागतात. हे न सांगता वाळूज किंवा चिकलठाण्याचं शेड दाखवलं तर महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. सगळं तुम्हालाच वाचता आलं पाहिजे असं नाही. एखाद्या वकिलाशी दर फाईलमागे ठराविक फी ठरवून ठेवा.

अशी फाईल भाड्याच्या जागेला दीड दिवस खाते, हे खरं आहे. म्हणून हातात चाळीस जागा ठेवू नका. बारा-पंधरा ठेवा, पण त्यांचं सगळं तुमच्याकडे असू द्या.

फाईल झाली की दोन कागद. पहिला मालकाचा: ही जागा, एवढं भाडं, एवढं डिपॉझिट, नव्वद दिवसांसाठी तुम्हाला काम दिलं आहे आणि दलाली अमुक. दुसरा पार्टीचा, एक पानाची पाहणी-नोंद: तारीख, जागेचं वर्णन, दलालीचा दर, कधी द्यायची, आणि हे एक वाक्य, "या तारखेपासून बारा महिन्यांत ही जागा मी, माझे नातेवाईक, भागीदार किंवा कंपनी यांनी घेतल्यास ठरलेली दलाली देईन." सही घ्या. सही द्यायला कोणी कां-कू केलं तर निदान हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय गाडीला किक मारू नका. तोंडी करारही कायद्यात करारच असतो, पण तो सिद्ध करताना दमछाक होते.

दलाली ताब्याच्या दिवशी पूर्ण घ्यायची ही आपल्याकडची पद्धत बदला. तोवर पार्टीचे पैसे फर्निचरमध्ये गेलेले असतात, मालकाला डिपॉझिट मिळालेलं असतं आणि दोघांनाही तुमचा फोन नकोसा होतो. निम्मी टोकनच्या दिवशी, निम्मी दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक कार्यालयात. रीतसर बिल द्या. पैसे देणारी कंपनी असेल तर वर्षाला २०,००० च्या वरच्या दलालीवर २ टक्के टीडीएस कापेल. तो तुमच्याच पॅनवर जमा होतो, बुडत नाही. वर्षाची दलाली २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते आणि बिलात १८ टक्के धरावे लागतात. दोन्हीकडून दलाली घेणार असाल तर दोघांनाही ते आधी सांगा. मालकाने सांगितलेल्या भाड्यावर स्वतःचा आकडा चढवून पार्टीला सांगणं कधीही करू नका. गंजगोलाईच्या एका पेढीवर बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाकीच्या पेठेत पोचते.

करारात तुमचा हात असला तर तुमचं महत्त्व आणखी वाढतं, कारण तिथे दोघेही चुकतात. "अकरा महिन्यांचं नोटरी करू, नोंदणीची कटकट नको" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. एवढं एक वाक्य सांगितलं की बरेच मालक नोंदणीला तयार होतात. खर्चही फार नसतो. लीव्ह अँड लायसन्सचा (जागा वापरायच्या परवान्याचा) करार, भाडं ३०,०००, मुदत तीन वर्षं, परत करायचं डिपॉझिट दोन लाख असं धरा. एकूण भाडं १०,८०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के म्हणजे तीन वर्षांचे ६०,००० मिळवा. ११,४०,००० वर पाव टक्का म्हणजे २,८५० रुपये मुद्रांक शुल्क, आणि शहरात १,००० नोंदणी फी.

मालकाला आणखी एक सांगा. राहायला दिलेलं घर मुदत संपल्यावर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर दाद मागता येते. गाळ्याला ती वाट नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. म्हणून मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट भाडं, नोटीस तीन महिन्यांची, लॉक-इन (जागा मध्येच सोडता न येण्याचा काळ) किती, वर्षाला किती टक्के वाढ, फर्निचरसाठी बिनभाड्याचे दिवस किती, हे आधी लिहून घ्या. क्लासचे सर जीएसटीत नोंदलेले आणि मालक नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा जीएसटी सरांनी रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतः, भरायचा आहे, कंपोझिशन (लहान धंद्यांची सोपी जीएसटी योजना) घेतलेले सोडून. विक्रीत इसार २०,००० किंवा त्याहून जास्त रोखीने घ्यायचा नाही, चेकने किंवा आरटीजीएसने घ्यायचा.

नव्या प्रकल्पातले गाळे विकत असाल तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) एजंट म्हणून नोंदणी असल्याशिवाय एकही दाखवू नका. एकट्या व्यक्तीला फी १०,००० आणि मुदत पाच वर्षं, आधी प्रशिक्षण आणि परीक्षा. नोंदणी नसताना काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

बुडालेल्या दोन दलाल्यांचं काय? मोबाईलमधले मेसेज, कॉल आणि जागा दाखवल्याच्या तारखा एका कागदावर उतरवा. त्यावरून जागा तुमच्याकडूनच कळली हे दिसत असेल तर दोघांना एकेक सौम्य पत्र पाठवा. दाव्याची मुदत तीन वर्षं असते, त्यामुळे घाई नाही. पुरावाच नसेल तर सोडून द्या आणि चौकात त्या मालकाची नालस्ती करू नका. दोन वर्षांनी त्याचाच दुसरा गाळा रिकामा होणार आहे, तेव्हा तुमचा कागद आधी सहीला जाईल.

आता घर. तुमच्या कामात पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. क्लासचे हॉल दहावी-बारावीच्या निकालाच्या आसपास हलतात, मोंढ्यातली गोदामं सोयाबीन आणि तूर आली की. पितृपक्षात आणि पौषात टोकन द्यायला कोणी तयार नसतं, पाडवा, अक्षय तृतीया आणि दसऱ्याला सगळ्यांना एकदम घाई. हे तुमच्या वडिलांच्या शेतासारखंच आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात कणगी असते. दलाली एका वेगळ्या खात्यात येऊ द्या आणि त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःला ठराविक पगार द्या. घरखर्च २८,००० असेल तर १,६८,००० म्हणजे सहा महिन्यांचं तिथे पडून राहिलं पाहिजे. लाख आले त्या महिन्यातही पगार २८,०००च. आयकर बाजूला काढा, आगाऊ कराच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. लहान धंदेवाल्यांना उलाढालीचा ठराविक हिस्सा नफा म्हणून दाखवायची जी सोय आहे ती दलाली-कमिशनच्या उत्पन्नाला लागत नाही, म्हणून पेट्रोलच्या पावतीपासून सगळा हिशोब वहीत ठेवा.

फोनचं थोडक्यात. कोण कशासाठी फोन करतं ते एक आठवडा लिहून काढा. निम्म्याहून जास्त फोन "माझ्या गाळ्याचं काय झालं?" विचारणाऱ्या मालकांचे निघतील. त्यांना दर शनिवारी दुपारी न विचारता तीन ओळी पाठवा: किती जणांनी पाहिलं, काय म्हणाले, पुढे काय. हे फोन आपोआप गळतात. जागा दाखवणं सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात. उन्हाळ्यात दुपारी लातूरच्या गच्चीखालच्या हॉलमध्ये कोणाला नेलं तर चांगली जागाही नापसंत होते. दुपार फाईलींची. साडेआठनंतर धंद्याचा नंबर बंद, घरचा वेगळा. रात्री दहाच्या फोनवर आजवर एकही दस्त नोंदला गेलेला नाही, सकाळी दहालाही तो माणूस तेवढाच उत्सुक असतो. मुलीच्या गॅदरिंगची तारीख डायरीत पार्टीच्या भेटीसारखीच लिहा आणि त्या वेळेला दुसरी भेट देऊ नका.

वडिलांशी वाद घालू नका. त्यांनी जन्मभर मोंढ्यात माल घातलाय. आडत्याकडून आलेल्या हिशोबपट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई ओळीने लिहिलेलं त्यांनी पाहिलंय आणि त्या कागदावर विश्वास ठेवलाय. तुमच्या कामाचा असा कागद त्यांनी कधी पाहिलाच नाही. त्यांना दिसतो तो कानाला लागलेला फोन. एक पूर्ण फाईल त्यांच्यासमोर ठेवा. खासरा पत्रक वाचायला त्यांनाच बसवा, जुनी नावं आणि गट नंबर त्यांना तुमच्यापेक्षा लवकर लागतील.

काम सोडायचं की नाही ते आज ठरवू नका. पुढचे दोन हंगाम, म्हणजे एक दसरा आणि एक जून, सही घेतल्याशिवाय एकही जागा न दाखवता काढा. सही केलेल्या दहा पाहण्यांतून किती दस्त झाले आणि किती दलाली वेळेवर आली ते वहीत दिसेल. दहातून एकही झाला नसेल तर नोकरीचा विचार करा, त्यात कमीपणा नाही.

तर सरांना आज हे पाठवा: "नमस्कार सर. औसा रोडच्या हॉलची मोजणी उद्या करतोय. कार्पेट, किती मुलं बसतील, वीजभार, जिने, पाणी आणि मालकीचे कागद यांची फाईल सोबत आणतो. सोमवारी सकाळी ११ ला नंदी स्टॉपला भेटू, तिथून मी घेऊन जातो. एक पानाची पाहणी-नोंद खाली जोडली आहे. दलाली एक महिन्याचं भाडं, निम्मी टोकनला, निम्मी नोंदणीला. वाचून 'मान्य' कळवा." उत्तर आलं की मालकाला फोन करून किल्ली शेजारच्या दुकानातून स्वतःकडे आणून ठेवा.